सतराव्या वर्षी प्रो व्हावं का? जस्टिन रोजचं उदाहरण देणाऱ्या एका वडिलांना उत्तर

प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमचा मुलगा १७ वर्षांचा, बारावीत आहे. हँडिकॅप प्लस वन, म्हणजे साधारण पारपेक्षा (मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा) एक फटका कमी घेण्याची कुवत. गेल्या वर्षभरात ज्युनिअर स्पर्धांत दोनदा पहिल्या पाचांत आला. परीक्षा झाली की त्याला लगेच प्रो, म्हणजे व्यावसायिक गोल्फपटू व्हायचंय. आईचं म्हणणं, आधी पदवी. आणि तुम्ही लिहिलंय, "जस्टिन रोज सतराव्या वर्षी प्रो झाला, सलग २१ कट हुकले, तरी पुढे ऑलिंपिक सुवर्ण आणि जागतिक क्रमवारीत पहिला. मग आमच्या मुलानं का थांबावं?" (रोज हा इंग्लंडचा गोल्फपटू. कट म्हणजे अर्ध्या स्पर्धेनंतरची गाळणी, त्याबद्दल पुढे सविस्तर.)

मी पुण्यात तेवीस वर्षं गोल्फ शिकवतोय. त्याआधी पाच-सहा वर्षं स्वतः देशातल्या टूरवर खेळलो. खेळलो म्हणजे बहुतेक वेळा शुक्रवारी संध्याकाळी रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर नाव घालत होतो. त्यामुळे कट हुकणं म्हणजे काय, ते मला पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही.

रोजचं नाव घेऊन माझ्याकडे येणारे तुम्ही पहिले नाही. दर दोन-तीन वर्षांनी एखादे वडील येतातच. सगळ्यांना गोष्टीची दोन टोकं पाठ असतात, बर्कडेलचा तो शॉट आणि रिओचं सुवर्ण. मधलं सांगायला गेलं की घड्याळाकडे बघायला लागतात. तुम्ही निदान २१ कटांचा उल्लेख केलात. पण तो एका स्वल्पविरामात उरकलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुलै १९९८. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं रॉयल बर्कडेल, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधलं लिंक्स मैदान. ओपन चॅम्पियनशिप, म्हणजे गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी (मेजरपैकी) एक. तिचा शेवटचा दिवस, शेवटचं होल. हॅम्पशायरचा एक सतरा वर्षांचा हौशी मुलगा ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) अलीकडे साधारण पन्नास यार्डांवर रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात उभा. हे अंतर कसलं वाईट असतं ते तुमच्या मुलाला विचारा. पूर्ण स्विंग मारता येत नाही आणि नुसती चिपही (जवळून मारायचा छोटा फटका) पुरत नाही. रफमध्ये क्लबच्या तोंडाच्या आणि चेंडूच्या मध्ये गवत येतं, चेंडूला फिरकी मिळत नाही, तो ग्रीनवर पडला की किती पळेल याचा भरवसा नसतो. त्यानं वेज (चेंडू उंच उडवणारा जवळच्या फटक्यांचा क्लब) उचलली, चेंडू ग्रीनवर पडला, घरंगळला आणि होलमध्ये गेला. मुलानं दोन्ही हात पसरून आकाशाकडे पाहिलं. स्टँडमधला तो आवाज आजही यूट्यूबवर ऐकला की अंगावर काटा येतो.

तो चौथ्या स्थानावर बरोबरीत आला. मार्क ओमेरा आणि ब्रायन वॉट्स यांच्यात प्लेऑफ (बरोबरी सोडवायची जादा होलं) झाला, ओमेरा जिंकला, आणि हा शाळकरी पोरगा त्या दोघांच्या फक्त दोन फटके मागे होता. दुसऱ्या दिवशी तर त्यानं ६६ मारले होते. हौशी असल्यामुळे बक्षिसाची रक्कम घेता येत नव्हती, त्याला रौप्यपदक मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी तो वॉकर कप (हौशी खेळाडूंची ब्रिटन-आयर्लंड विरुद्ध अमेरिका सांघिक स्पर्धा) खेळला होता, तोपर्यंतचा सर्वांत लहान खेळाडू म्हणून. म्हणजे बर्कडेल ही लॉटरी नव्हती, पोरगा खरोखरच तयारीचा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकताना "तो कच्चा होता, आमचा पक्का आहे" असं मनात येऊ शकतं.

ओपन संपल्या संपल्या तो प्रो झाला. लगेच नेदरलँड्समध्ये पहिली स्पर्धा खेळला. कट हुकला. पुढची, हुकला. असं जवळपास वर्षभर चाललं, सलग २१ वेळा.

आता कट म्हणजे काय, हे घरातल्या बाकीच्यांसाठी. स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू गुरुवारी आणि शुक्रवारी एकेक फेरी खेळतात. शुक्रवारी संध्याकाळी वरचे ६५-७० आणि त्यांच्या बरोबरीतले पुढे जातात, शनिवार-रविवार खेळतात आणि पैसे मिळवतात. बाकीचे घरी. त्यांना काहीही मिळत नाही. विमानाचं तिकीट, हॉटेल, कॅडीची मजुरी, सगळं खिशातून. एकवीस कट म्हणजे ४२ फेऱ्या खेळून हातात शून्य. आणि हे कुणाचं लक्ष नसताना झालं असतं तर वेगळी गोष्ट. इथे ब्रिटनची सगळी वर्तमानपत्रं दर आठवड्याला मोजत होती, आज सोळा झाले, आज सतरा झाले.

का झालं असं? याची माझी उपपत्ती स्विंगशी संबंधित नाही. रोजकडे कार्ड नव्हतं.

टूरचं कार्ड म्हणजे वर्षभर खेळण्याचा हक्क. ते असेल तर खेळाडू हंगाम आखू शकतो. या आठवड्यात खेळेन, पुढच्या आठवड्यात घरी जाऊन वेजवर काम करेन, मैदान मानवत नसेल तर ती स्पर्धा सोडून देईन. कार्ड नसेल तर प्रायोजकांच्या आमंत्रणावर खेळावं लागतं. आमंत्रणं मोजकी असतात, येईल ते घ्यावं लागतं आणि त्या मोजक्या आठवड्यांत इतके पैसे कमवावे लागतात की पुढच्या वर्षीचा हक्क मिळेल. दर गुरुवारी बोर्डाची परीक्षा. बर्कडेलमुळे आमंत्रणं भरपूर आली, हीच खरी आफत झाली असं मला वाटतं. चौथा आला नसता तर तो गुमान क्वालिफाइंग स्कूलला, म्हणजे कार्ड देणाऱ्या पात्रता स्पर्धेला गेला असता, छोट्या टूरवर खेळला असता, दोन-चार कट हुकले असते आणि कुणाला कळलंही नसतं.

अशा वेळी खेळाडूच्या आत काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. नाव सांगत नाही. माझ्याकडे अकराव्या वर्षापासून शिकलेला एक मुलगा अठराव्या वर्षी प्रो झाला. सातव्या की आठव्या स्पर्धेला मी त्याच्याबरोबर दोरीच्या बाहेरून चालत होतो. शुक्रवारची दुपार. चौदाव्या होलपर्यंत व्यवस्थित. पंधराव्या टीवर (होल जिथून सुरू होतं तिथे) त्यानं कॅडीला विचारलं, "कटची लाइन किती लागेल?" कॅडी म्हणाला, बहुतेक प्लस थ्री, म्हणजे पारपेक्षा तीन फटके जास्त. हा प्लस थ्रीवरच होता. मला सवय आहे, मी घड्याळ लावतो. बॅगेतून क्लब काढल्यापासून चेंडू मारेपर्यंत त्याला एरवी २५-२६ सेकंद लागायची. मागे उभं राहून लक्ष्य बघणं, दोन सरावाचे स्विंग, पाय लावणं, शेवटची एक नजर. सोळाव्या होलवर ते २० झालं. सतराव्यावर १४. अठराव्यावर सरावाचा स्विंग झालाच नाही. पिन (होलमधला झेंडा) डावीकडे, पाण्याच्या अगदी काठावर होती. ग्रीनच्या मधोमध मारून, मग दोन पटमध्ये (ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या फटक्यांत) होल गाठलं असतं तर पार मिळाला असता, कट झाला असता. त्यानं पिनवर मारला. चेंडू पाण्यात.

रात्री त्याच्या वडिलांचा फोन आला, "सर, स्विंगमध्ये काय बिघडलंय?" मी म्हटलं, काहीच नाही. त्यांना ते पटलं नाही. महिन्याभरात दुसरा कोच, मग तिसरा. दीड वर्षानं मुलगा परत माझ्याकडे आला तेव्हा स्विंग खरंच बिघडलेला होता. आता तो एका कंपनीत चांगल्या नोकरीत आहे, रविवारी मित्रांबरोबर खेळतो आणि छान खेळतो. पण एवढी किंमत मोजायची काही गरज नव्हती.

रोजच्या बाबतीत ही साखळी तुटली, कारण तो पायऱ्या उतरून खाली गेला. १९९८ च्या अखेरीस क्वालिफाइंग स्कूलमध्ये नापास झाला होता. १९९९ मध्ये पुन्हा गेला आणि कार्ड मिळवलं. स्कूलचा शेवटचा टप्पा तेव्हा सहा फेऱ्यांचा असायचा. बर्कडेलच्या हिरोनं अनोळखी मुलांच्या आणि कार्ड गमावलेल्या चाळिशीतल्या प्रौढांच्या रांगेत उभं राहून तो खेळला. २००० साली कार्ड राखता आलं नाही, परत स्कूल, परत पास. मला त्याच्या कारकिर्दीत बर्कडेलपेक्षा हे दोन हिवाळे जास्त मोठे वाटतात.

मग जानेवारी २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लागोपाठ दोन आठवडे दुसरा आला. वर्षभरानं, २००२ च्या जानेवारीत, जोहान्सबर्गला डनहिल चॅम्पियनशिप जिंकला. जोहान्सबर्ग हे त्याचं जन्मगाव, आई-वडील इंग्लिश, तो पाच वर्षांचा असताना घर इंग्लंडला आलं होतं. त्या एका वर्षात चार स्पर्धा जिंकल्या. दोन आफ्रिकेत, एक जपानमध्ये, एक ब्रिटिश मास्टर्स. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वडील केन रोज ल्युकेमियानं गेले. केन हेच त्याचे पहिले कोच. एकवीस शुक्रवारांतही पाठीशी तेच. चारही विजय त्यांच्या हयातीत झाले, एवढंच समाधान. मुलगा बावीस वर्षांचा होता.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. तुम्ही वय विचारताय. माझ्या मते वय दुय्यम, क्रम महत्त्वाचा. आधी कार्ड की आधी प्रो?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. बंगळुरूची अदिती अशोकही सतराव्या वर्षीच प्रो झाली. पण तिनं डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोत लेडीज युरोपियन टूरचं क्वालिफाइंग स्कूल आधी जिंकलं, मग जानेवारी २०१६ ला प्रो झाली. तिच्या हातात हंगाम होता, कुणाच्या आमंत्रणाची वाट बघायची नव्हती. त्याच वर्षी ती रिओ ऑलिंपिक खेळली आणि नोव्हेंबरात इंडियन ओपन जिंकली. वय तेच, क्रम उलटा.

आणि सुरुवात थाटात झाली म्हणजे भागलं, असंही नाही. इटलीचा मॅतेओ मानासेरो २०१० मध्ये १७ व्या वर्षी प्रो झाला, त्याच वर्षी युरोपियन टूरवर जिंकला, तिथला सर्वांत लहान विजेता. विसाव्या वर्षी वेंटवर्थला बीएमडब्ल्यू पीजीए जिंकला. त्यानंतर जो उतार लागला, त्यात कार्डही गेलं. त्या टूरवरचा पुढचा विजय यायला २०२४ उजाडलं. म्हणजे रोजनं सुरुवातीलाच जे भोगलं ते मानासेरोनं नंतर भोगलं.

उलट ल्यूक डोनाल्ड बघा. रोजपेक्षा जवळपास तीन वर्षांनी मोठा, तोही इंग्लिश. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकला, १९९९ मध्ये अमेरिकी कॉलेजांची अजिंक्यपद स्पर्धा जिंकला, मग प्रो झाला. २०११ मध्ये तो जगात पहिल्या क्रमांकावर पोचला. रोजला तिथे पोचायला २०१८ उजाडलं. हे तुमच्या पत्नीला जरूर वाचून दाखवा. अर्थात न्यायाचं बोलायचं तर डोनाल्डला मेजर कधी जिंकता आली नाही, रोजनं जिंकली. त्यामुळे कॉलेज म्हणजे रामबाण, असं माझ्या तोंडी घालू नका. पुढे २०२३ आणि २०२५ च्या रायडर कपमध्ये (युरोप विरुद्ध अमेरिका सांघिक स्पर्धेत) डोनाल्ड युरोपचा कर्णधार होता आणि जस्टिन रोज त्याच्या संघात. दोन वाटांनी निघालेले एकाच टीवर उभे.

मधली वर्षं पटकन सांगतो. २००४ च्या मास्टर्समध्ये (हीसुद्धा मेजर) पहिले दोन दिवस जस्टिन रोज आघाडीवर होता, तिसऱ्या दिवशी ८१ फटके. २००७ ला युरोपात वर्षभराच्या कमाईत पहिला. अमेरिकेतला पीजीए टूरचा पहिला विजय २०१० चा, मेमोरिअल स्पर्धेत. प्रो झाल्यापासून बारा वर्षांनी! तुमच्या मुलाच्या वयात बारा मिळवा आणि बघा कितवं वर्ष येतं.

या काळात त्याचे कोच बदलले, डेव्हिड लेडबेटर, निक ब्रॅडली, मग २००९ पासून शॉन फोली. पण कुणाकडेही तो आठवड्याच्या औषधासाठी गेला नाही, प्रत्येकाबरोबर काही वर्षं राहिला. फोलीच्या काळातली त्याची एक सवय तुमच्या मुलाला नीट बघायला सांगा. शॉट मारण्याआधी तो क्लब वर नेतो आणि अगदी सावकाश, कमरेच्या उंचीपर्यंत खाली आणून थांबवतो. चेंडू मारत नाही, फक्त खाली येण्याची वाट हातांना दाखवतो. मग पाय लावून मारतो. ही तालीम त्यानं लाखो लोकांसमोर, मेजरच्या रविवारीही सोडली नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याचे २६ चे १४ सेकंद झाले होते ते आठवा. रोजचं तसं होऊ नये यासाठीची ही दोरी आहे, असं मी समजतो. तांत्रिक फायदा वेगळाच.

मेरियन, जून २०१३. इथे मात्र मला थांबायचंय. फिलाडेल्फियाजवळचं जुनं, आखूड पण चावरं मैदान. यूएस ओपन या मेजरचा शेवटचा दिवस, तिकडे फादर्स डे. तीन फेऱ्यांनंतर फिल मिकेल्सन आघाडीवर, त्याच दिवशी त्याचा वाढदिवसही. जस्टिन रोज अठराव्या होलवर आला तेव्हा फेअरवेत (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतात) त्याचा चेंडू जुना अमेरिकी विजेता बेन होगन याच्या स्मरणार्थ लावलेल्या पाटीजवळ होता. १९५० साली, भीषण मोटार अपघातातून उठून सव्वा वर्षानं, होगननं त्याच जागेवरून वन आयर्न (लांब पल्ल्याचा, मारायला अवघड क्लब) मारली होती, गोल्फमधलं सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र तेच. रोजनं फोर आयर्न काढली. तीच तालीम, तोच वेळ. चेंडू पिनला धरून गेला आणि ग्रीनच्या मागच्या कडेला जाऊन थांबला. बहुतेकांनी तिथून वेजनं चिप केली असती. त्यानं फेअरवे वूड घेतलं आणि पटरसारखं हलकेच ढकललं. लोफ्ट (क्लबच्या तोंडाचा कल) कमी, चेंडू उडायचा प्रश्न नाही, चूक झाली तरी लहान. चेंडू होलला टेकल्यासारखा थांबला. पार. चेंडू उचलून त्यानं आकाशाकडे बोट केलं.

१९९८ ला त्याच आकाशाकडे हात पसरणारा मुलगा पन्नास यार्डांवरून होलमध्ये मारायला बघत होता. २०१३ चा माणूस सगळ्यांत कमी धोक्याचा क्लब निवडत होता. या दोन शॉट्सच्या मधली पंधरा वर्षं म्हणजे प्रो होणं, असं मी सरावाच्या मैदानावर मुलांना सांगतो. त्यांना अर्थातच पहिला शॉट जास्त आवडतो.

मिकेल्सन आणि जेसन डे दोन फटके मागे राहिले. यूएस ओपन जिंकणारा इंग्लिश खेळाडू १९७० च्या टोनी जॅकलिननंतर हाच पहिला.

रिओबद्दल तुम्हाला माहीत आहेच, पण एक गोष्ट सुटते. ११२ वर्षांनी गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतलं होतं आणि बड्या खेळाडूंपैकी कितीतरी जण झिकाच्या भीतीनं किंवा वेळापत्रकाचं कारण देऊन आलेच नाहीत. जस्टिन रोज आनंदानं गेला. पहिल्याच दिवशी चौथ्या होलवर होल-इन-वन (एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये), ऑलिंपिकच्या इतिहासातला पहिला. शेवटच्या होलवर स्वीडनच्या हेन्रिक स्टेन्सनशी बरोबरी असताना वेजनं चेंडू तीनेक फुटांवर आणून बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी). ज्याला आठवडे फुकट गेल्याचा अनुभव आहे, तो खेळायला मिळालेली स्पर्धा सहसा सोडत नाही, असा माझा आपला अंदाज.

आणि जागतिक क्रमवारीत पहिला कसा झाला, माहीत आहे? सप्टेंबर २०१८ मध्ये, कीगन ब्रॅडलीविरुद्ध प्लेऑफ हरून. हरला आणि पहिला झाला. हा खेळ असाच विचित्र आहे.

पण त्याच वर्षातली मला लाडकी गोष्ट दुसरीच आहे. कार्नूस्टीचं ओपन, शुक्रवार संध्याकाळ. अठराव्या होलवर बर्डी केली तरच कट, नाहीतर घर. ३७ वर्षांचा, मेजर विजेता, ऑलिंपिक विजेता माणूस परत त्याच शुक्रवारच्या दारात. त्यानं बर्डी केली, नेमका कटच्या रेषेवर आत गेला. शनिवारी ६४ मारले. रविवारी बरोबरीत दुसरा आला. एकवीस शुक्रवार त्याला कुठेतरी उपयोगी पडले असतील तर ते इथे. (तुमच्या मनात आत्ता "बघा, म्हणजे फायदा झालाच ना" असं आलं असेल. झाला, त्याला. बर्कडेलच्या आसपासच्या वर्षांत प्रो झालेल्या आणि एकविसाव्या कटनंतर बॅग विकून टाकलेल्या मुलांची नावं आपल्याला माहीत नाहीत, एवढाच फरक.)

२०२४ मध्ये ओपनमध्ये त्याला थेट प्रवेश नव्हता. ४३ व्या वर्षी तो बर्नहॅम अँड बेरो या मैदानावर पात्रता फेरी खेळायला गेला, एका दिवसात ३६ होल, क्लबांतले होतकरू आणि हौशी खेळाडू शेजारी. पात्र ठरला आणि ट्रूनला झालेल्या त्या ओपनमध्ये बरोबरीत दुसरा आला. २०२५ च्या मास्टर्समध्ये रविवारी सात फटके मागून निघून दहा बर्डीसह ६६ मारले आणि रोरी मॅकलरॉयविरुद्ध प्लेऑफमध्ये हरला. २०१७ लाही तिथेच सर्जिओ गार्सियाविरुद्ध प्लेऑफ हरला होता. मास्टर्समध्ये दोन प्लेऑफ हरणारा दुसरा माणूस तेवढा बेन होगनच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेम्फिसला तो जे. जे. स्पॉनला प्लेऑफमध्ये हरवून जिंकला, वय ४५. पात्रता फेरीचा कमीपणा न वाटणं हाच त्याच्या दीर्घ कारकिर्दीचा पाया, असं मला वाटतं, आणि तो १९९९ च्या त्या हिवाळ्यात घातला गेला.

२०२० मध्ये कोविडमुळे ब्रिटनमधल्या महिला खेळाडूंना खेळायला स्पर्धाच उरल्या नाहीत, तेव्हा रोज आणि त्याची पत्नी केट यांनी पैसे घालून एक मालिका सुरू करून दिली. याचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही, पण माणूस कळतो.

आता तुमच्या घरचं. प्रो झाल्याची घोषणा करायची घाई नको. क्वालिफाइंग स्कूल हौशी म्हणूनही खेळता येतं, बक्षिसाची रक्कम सोडायची एवढंच. तेव्हा त्याला बारावीनंतर स्कूलला पाठवा, हौशी म्हणूनच. कार्ड मिळालं तर घरात बसून खरा निर्णय घ्या. नाही मिळालं तर काहीही हातचं गेलेलं नसेल. एकदा प्रो झाला की अमेरिकी कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा दरवाजा जवळजवळ बंद होतो, आणि पुन्हा हौशी व्हायचं तर अर्ज करून थांबावं लागतं. हौशीपण राखायला पैसे पडत नाहीत.

पैशाचं स्पष्ट बोलतो. एक हंगाम नव्हे, तीन हंगामांचा खर्च, मिळकत शून्य धरून, बाजूला काढता येतो का ते आधी बघा. आणि आकडा मुलाला सांगू नका. ज्याला आपल्या पटवर घरचं कर्ज टांगलंय हे माहीत असतं, त्याचे चार फुटांचे पट आधी जातात.

प्लस वनबद्दल. घरच्या मैदानावर त्याला प्रत्येक ग्रीनचा उतार झोपेतही माहीत असतो. टूरवर पिन कडेला, रफ घोट्यापर्यंत, सराव फेरी एकच. माझा अनुभव असा की परक्या मैदानावर स्पर्धेत असाच मुलगा तीन-चार फटके जास्त घेतो. हे दोष म्हणून सांगत नाही, सगळ्यांचंच होतं.

तुमच्यासाठी एकच पथ्य. शुक्रवारी संध्याकाळी फोनवर "काय झालं?" असं विचारायचं नाही. जेवलास का, परत कधी निघतोयस, एवढंच. स्विंगबद्दल बोलायचं असेल तर सोमवारी, आणि तेही कोचनं.

मला भेटायला येणार असाल तर त्याच्या स्पर्धेतल्या शेवटच्या वीस फेऱ्यांची स्कोअरकार्डं घेऊन या. चांगल्या वीस नकोत, शेवटच्या वीस. त्यात घरच्या मैदानावरची एकही नको. प्रत्येक कार्डावर किती फेअरवे गाठले, किती ग्रीन गाठल्या, किती पट लागले हे लिहिलेलं असू दे, आणि शेवटची चार होलं वेगळ्या रंगानं खूण केलेली. ते काम तुम्ही करू नका, त्याला करू द्या.